सिडनी कोव्हची पहिली पाच वर्षे : शिध्यावर चाललेली वसाहत

ब्रिटिशांची ऑस्ट्रेलियातली पहिली वसाहत २६ जानेवारी १७८८ रोजी पोर्ट जॅक्सन बंदरातल्या एका छोट्या खाडीच्या काठी सुरू झाली. तिथले मूळनिवासी त्या खाडीला वारान म्हणत. नव्या मंडळींनी तिला इंग्लंडच्या गृहमंत्र्यांचे, लॉर्ड सिडनी यांचे नाव दिले. उतरलेल्या हजारावर माणसांपैकी साडेसातशेच्या आसपास कैदी होते. त्यांच्यावर पहारा करणारे नौसैनिक, मूठभर अधिकारी, काही शल्यवैद्य, एक पाद्री आणि काहींची बायकामुले, एवढाच उरलेला जमाव. अमेरिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडला हद्दपारीची शिक्षा झालेली माणसे धाडायला ठिकाण राहिले नव्हते. थेम्स नदीत नांगरून ठेवलेली जुनी जहाजे कैद्यांनी भरून गेली होती. त्यावर काढलेला तोडगा म्हणजे अकरा जहाजांचा हा तांडा. तो १३ मे १७८७ रोजी पोर्टस्मथहून निघाला आणि तेनेरिफ, रिओ द जानेरो व केप ऑफ गुड होप असे मुक्काम करत आठ महिन्यांनी पोहोचला. कॅप्टन आर्थर फिलिप हा त्याचा प्रमुख आणि वसाहतीचा पहिला गव्हर्नर.

या वसाहतीच्या दैनंदिन जीवनाची माहिती विपुल आहे, पण एकाच बाजूची. नौसैनिक अधिकारी वॉटकिन टेंच, न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स, मुख्य शल्यवैद्य जॉन व्हाइट, लेफ्टनंट राल्फ क्लार्क अशा अनेकांनी रोजनिशा आणि पुस्तके लिहिली. लंडनमध्ये त्यांना वाचक आणि प्रकाशक तयार होते. कैद्यांनी लिहिलेले मात्र फारच थोडे हाती लागते. त्यामुळे कैद्यांच्या झोपडीत काय शिजत होते हे कळते ते बहुधा झोपडीबाहेर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी. इतिहासकारांची मतेही यातूनच फाटतात. रॉबर्ट ह्यूजने १९८७ साली रंगवलेले चित्र फटके आणि भूक यांचे आहे. ग्रेस कार्स्केन्सने अलीकडे त्याच साधनांत घरे, बागा, संसार आणि सौदे शोधून काढले. दोन्ही चित्रे खरी आहेत. फटके खाणारा माणूसही संध्याकाळी चूल पेटवत होताच.

निवारा

पहिले काही आठवडे सगळे तंबूत राहिले. पुरुष कैदी आधी उतरवले गेले. स्त्रियांना ६ फेब्रुवारीपर्यंत जहाजांवरच ठेवले होते. गव्हर्नरसाठी इंग्लंडहून जोडणीचे कापडी घर आणले होते, पण त्यातून वारा आणि पाऊस दोन्ही आत येत. पक्के बांधायचे म्हटले तर अडचणींना सुमार नव्हता. सरकारने दिलेल्या कुऱ्हाडी हलक्या प्रतीच्या होत्या आणि समोर उभी असलेली निलगिरीच्या जातीची झाडे कमालीची कठीण. तोडलेले लाकूड वाळताना तडकत असे, फाटत असे. कैद्यांत सुतार डझनभरच निघाले. शिक्षेसाठी माणसे निवडणाऱ्यांनी त्यांना कोणते काम येते हे पाहिलेच नव्हते. जहाजात कोणाला चढवायचे ते न्यायालयाने ठरवले होते, वसाहतीच्या गरजेने नव्हे.

मग सोपा उपाय सापडला तो कुडाचा. खांबांच्या मध्ये बारीक फांद्या विणायच्या आणि वरून मातीचा गिलावा द्यायचा; छपराला खाडीकाठचे लव्हाळे. कोकणातल्या कोणालाही ही घरे ओळखीची वाटली असती. फांद्यांसाठी बाभळीच्या कुळातली झाडे वापरली गेली, आणि असे विणकाम करण्याला इंग्रजीत जो शब्द होता तोच त्या झाडांना कायमचा चिकटला. वॅटल हे आजही ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय फूल आहे. पण मुसळधार पाऊस आला की गिलावा धुऊन जाई आणि घर पुन्हा लिंपावे लागे.

वसाहतीपासून मैलभरावर चिकणमाती मिळाल्यावर विटा पडू लागल्या. जेम्स ब्लडवर्थ हा वीटकाम जाणणारा कैदी बांधकामाचा प्रमुख झाला. विटा होत्या, पण चुना नव्हता. चुनखडीचा दगड आसपास कुठेच मिळेना. तेव्हा स्त्री-कैद्यांना किनाऱ्यावर शिंपले वेचायला लावून ते भाजून चुना करण्यात आला. तो जेमतेम गव्हर्नरच्या घराला पुरला. बाकीच्या भिंती मातीच्या सांध्यावर उभ्या राहिल्या. विटांच्या गाड्या ओढायला जनावरे नव्हती, म्हणून एकेका गाडीला बारा माणसे जुंपली जात.

पाणी एका ओढ्याचे. त्याच्या एका बाजूला गव्हर्नर आणि नागरी अधिकारी, दुसऱ्या बाजूला सैनिक आणि बहुतेक कैदी, अशी गावाची रचना झाली. ओढ्याकाठची झाडे तुटू लागताच पाणी गढूळ झाले. फिलिपने काठावरची तोड बंद केली आणि पुढे खडकात पाण्याच्या टाक्या खोदून घेतल्या. त्यावरून ओढ्याचे नाव टँक स्ट्रीम पडले. आज तो सिडनीच्या रस्त्यांखाली बंदिस्त गटारातून वाहतो.

शिधा

वसाहतीचे खरे केंद्र गव्हर्नरचे घर नव्हते, कोठार होते. प्रत्येकाचे पोट सरकारी शिध्यावर होते. पुरुषाला आठवड्याला ७ पौंड पीठ किंवा बिस्किटे, ७ पौंड खारवलेले गोमांस किंवा त्याऐवजी ४ पौंड डुकराचे मांस, ३ पिंट वाटाणे, थोडे लोणी आणि अर्धा पौंड तांदूळ. पौंड म्हणजे अर्ध्या किलोला थोडा कमी. स्त्रियांना यातला दोन तृतीयांश वाटा, मुलांना त्याहून कमी. सैनिक आणि कैदी यांच्या शिध्यात दारू सोडली तर फरक नव्हता. फिलिपने हे जाणूनबुजून केले आणि सैनिकांना ते कायम झोंबत राहिले. ज्याच्यावर बंदूक रोखायची त्याच्याइतकेच जेवायचे, ही कल्पना अठराव्या शतकातल्या लष्करी माणसाला पचणारी नव्हती.

शिधा मिळाला म्हणजे जेवण झाले असे नव्हते. भांडी फार थोड्यांकडे होती. स्वतःचे पातेले नसलेला कैदी दुसऱ्याच्या पातेल्यात शिजवी आणि त्याच्या भाड्यापोटी शिध्यातला वाटा देई. १७९० मध्ये एक वृद्ध कैदी कोठारासमोर शिधा घेताना कोसळला आणि मेला. शवविच्छेदनात त्याचे पोट पूर्ण रिकामे निघाले. चौकशीत कळले की स्वतःचे भांडे नसल्याने शिध्याचा काही भाग भाड्यात जाई. याउलट कॉलिन्सने नोंदवलेला दुसरा एक कैदी आठवड्याच्या पिठाच्या अठरा भाकऱ्या भाजून एका बैठकीत खाऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी मेला. अनेकांचा आठवड्याचा शिधा तीन-चार दिवसांत संपे आणि उरलेल्या दिवसांत चोरी किंवा उपास. म्हणूनच टंचाईच्या काळात वाटप आठवड्यावरून रोजच्या रोज करण्यात आले.

टंचाई आली ती टप्प्याटप्प्याने. पहिली पिके फसली. ऑक्टोबर १७८८ मध्ये पिठात कपात करून ‘सिरियस’ हे जहाज केपला पाठवले गेले. ते मे १७८९ मध्ये जेमतेम चार महिन्यांचे पीठ घेऊन परतले. नोव्हेंबर १७८९ मध्ये शिधा दोन तृतीयांशावर आला. इंग्लंडहून रसद घेऊन निघालेले ‘गार्डियन’ त्याच डिसेंबरात हिमनगावर आदळले आणि कसेबसे केपला परतले. सिडनीत याचा पत्ताही नव्हता. बंदराच्या तोंडाशी, दक्षिण कड्यावर, निशाणाची काठी उभारून माणसे समुद्राकडे डोळे लावून बसली होती. मार्च १७९० मध्ये भार हलका करण्यासाठी शेकडो माणसांना नॉरफॉक बेटावर नेणारे ‘सिरियस’ तिथल्या खडकांवर फुटले. आता वसाहतीकडे ‘सप्लाय’ हे एकच छोटे जहाज उरले. एप्रिलमध्ये ठरलेला शिधा असा होता : दर माणशी आठवड्याला अडीच पौंड पीठ, दोन पौंड तांदूळ, दोन पौंड डुकराचे मांस. गव्हर्नरपासून शेवटच्या कैद्यापर्यंत सगळ्यांना तेवढाच.

मांस इंग्लंडहून निघताना खारवलेले, तीन-चार वर्षांचे जुने. शिजवले तर आक्रसून काहीच उरत नसे, म्हणून टेंच आणि त्याचे सोबती ते काट्याला टोचून विस्तवापुढे धरीत आणि गळणारा थेंब पावाच्या तुकड्यावर झेलीत. तांदळाला जिवंत किडे. गव्हर्नरकडे जेवायचे आमंत्रण आले तरी पाव आपला आपण खिशात घालून न्यावा लागे. फिलिपने स्वतःच्या खाजगी साठ्यातले पीठ सार्वजनिक कोठारात जमा केले होते.

नॉरफॉक बेटावर अडकलेल्यांचे हाल याहून वाईट झाले असते, पण तिथल्या डोंगरावर विणीसाठी उतरणारे समुद्रपक्षी त्यांच्या हाती लागले. त्या हंगामात लाखाच्या घरात पक्षी मारून खाल्ले गेले. त्या बेटावरून ही जात पुढे नाहीशीच झाली.

ही उपासमार किती खरी आणि किती कागदावरची, यावर वाद आहे. इतिहासकार ॲलन फ्रॉस्टने तांड्याच्या नोंदी तपासून दाखवले की त्या काळच्या मानाने तयारी बरीच नीट होती. तरीही तांडा निघताना झालेली हयगय नाकारता येत नाही. स्त्री-कैद्यांचे कपडे पोर्टस्मथलाच राहिले होते आणि बंदुकीच्या गोळ्यांचा साठा जवळजवळ नव्हता. मृत्यूंचे मोठे आकडे पहिल्या तांड्यात नाहीत, ते नंतरच्या तांड्यांत आहेत, हेही फ्रॉस्टच्या बाजूने जाते. मात्र शिध्याचे आकडे आणि कोठारासमोरचा तो मृत्यू एकत्र ठेवले तर १७९० चा पूर्वार्ध भुकेचा होता यात शंका उरत नाही.

काम, शेती आणि जनावरे

कैद्यांचा दिवस ढोलाच्या आवाजाने सुरू होई. झाडे तोडणे, बुंधे उपटणे, विटा, मालाची चढउतार, कोठारे बांधणे ही पुरुषांची कामे. शनिवारचा काही वेळ आणि नंतर कामाच्या ठरावीक हिश्श्यापुढचा वेळ स्वतःच्या बागेसाठी मोकळा असे. भूक वाढली तशी कामाची वेळ कमी केली गेली, कारण अर्ध्या पोटी माणसाला कुदळ उचलवेना. दुपारनंतर ज्याने त्याने आपापला भाजीपाला पिकवायचा. ‘सिरियस’च्या खलाशांनी बंदरातल्या एका बेटावर भाज्या लावल्या होत्या आणि त्यांच्याही चोऱ्या होत.

मुकादम नेमायला स्वतंत्र माणसे नव्हती, म्हणून कैद्यांवर कैदीच मुकादम झाले. काही गरजेपुरतेच कठोर होते, काही भलतेच. या व्यवस्थेची एक बाजू नंतरच्या ऑस्ट्रेलियात फार महत्त्वाची ठरली. शिक्षा भोगणारा माणूस कारकून, गवंडी, पोलीस किंवा शेतकरी होऊ शकत होता, कारण ते काम करणारे दुसरे कोणी नव्हतेच.

पहिली शेती खाडीलगतच्या खोलगट जागेत केली गेली. जमीन पातळ आणि रेताड होती. नांगर नव्हता, ओढायला बैल नव्हते, शेणखत नव्हते. बियाणे प्रवासात तापून बरेचसे निकामी झाले होते. त्यात ऋतू उलटे. पेरणी कधी करायची हेच कोणाला ठाऊक नव्हते. नोव्हेंबर १७८८ मध्ये वीसेक किलोमीटर आत, रोझ हिल इथे नवी वस्ती वसवली गेली. तिथे फिलिपच्या सेवेतला हेन्री डॉड देखरेखीला होता आणि जमीनही चांगली होती. डिसेंबर १७८९ मध्ये २०० बुशेल गहू आणि ३५ बुशेल बार्ली निघाली. तो सगळा गहू पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवण्यात आला. वसाहत भुकेली असताना धान्य बियाण्यासाठी बाजूला ठेवायचे, हा फिलिपच्या कारकिर्दीतला बहुधा सर्वांत कठीण आणि सर्वांत शहाणा निर्णय. जून १७९१ मध्ये रोझ हिलला पॅरामॅटा हे स्थानिक नाव देण्यात आले.

एका कुटुंबाला जमिनीवर स्वतःचे पोट भरता येईल का, हे पाहण्यासाठी फिलिपने शेतीचा अनुभव असलेल्या जेम्स रूस या कैद्याला जमीन, झोपडी आणि अवजारे दिली. रूसने टेंचला आपली पद्धत तपशिलाने सांगितली. पडलेली झाडे जाळायची, राख कुदळीने मातीत मिसळायची, गवत उलटून कुजू द्यायचे आणि पेरणीपूर्वी पुन्हा खणायचे. नुसते खरवडून बी फेकण्याची सरकारी शेतावरची घाई त्याला पसंत नव्हती. फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याने सरकारी धान्याशिवाय आपले भागते असे जाहीर केले आणि एप्रिलमध्ये ३० एकर त्याच्या नावावर झाले.

जनावरांची कथा वेगळी. १ मे १७८८ च्या गणतीत ७ घोडे आणि ७ गुरे होती. काही आठवड्यांतच गुराख्याच्या दुर्लक्षाने गुरे रानात गेली आणि हरवली. ती सात वर्षांनी, १७९५ मध्ये, नेपियन नदीपलीकडच्या कुरणांत साठाहून मोठ्या कळपाच्या रूपात सापडली. वसाहतीतल्या माणसांपेक्षा तीच नव्या देशात लवकर रुळली होती. मेंढ्या दमट, रानटी गवतावर मरत. मासे उन्हाळ्यात मुबलक, हिवाळ्यात दुर्मिळ. टंचाईच्या काळात अधिकारीही आळीपाळीने रात्रीच्या जाळ्यांवर जात. निष्णात नेमबाज कैद्यांना कांगारूच्या शिकारीसाठी बंदुका दिल्या गेल्या. हिरव्या पाल्याअभावी रक्तपितीने माणसे गळत होती. किनाऱ्यावरची एक रानभाजी आणि गोडसर पानांच्या एका वेलीचा काढा हे उपाय सापडले. त्या वेलीला ‘गोड चहा’ म्हणत आणि तिच्यासाठी लांबलांब फिरणारी माणसे कधी वाट चुकत.

कायदा आणि दोरखंड

तुरुंग बांधायला वेळ नव्हता. तशीही सगळी वसाहतच तुरुंग होती. फौजदारी न्यायालय न्यायाधिकारी कॉलिन्स आणि सहा लष्करी अधिकारी यांचे. शिक्षा बहुधा फटक्यांची, शेकड्यांनी. काहींना बंदरातल्या पिंचगट या खडकाळ बेटावर पाव-पाण्यावर ठेवत. कोठारातून अन्न चोरणे म्हणजे सगळ्यांच्या पोटावर पाय, म्हणून त्याला मृत्युदंड. २७ फेब्रुवारी १७८८ रोजी थॉमस बॅरेटला फाशी झाली, वसाहत स्थापन होऊन जेमतेम महिना होत होता. मात्र सर्वांत मोठी चोरी कैद्यांनी केली नाही. मार्च १७८९ मध्ये कोठाराच्या कुलपात तुटलेल्या किल्लीचा तुकडा सापडला. कुलूप उघडायला लोहाराकडे नेले तेव्हा त्याने तो तुकडा ओळखला. काही सैनिक किल्ल्या करवून घेऊन महिनोन्‌महिने पहाऱ्याच्या वेळी आत शिरत होते. एक जण माफीचा साक्षीदार झाला, सहा जण फासावर गेले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रात्रीच्या गस्तीसाठी बारा कैद्यांचे पथक नेमले गेले. ही ऑस्ट्रेलियातली पहिली पोलीस व्यवस्था. चोऱ्या लगेच कमी झाल्या. पण एका रात्री गस्तीने एका सैनिकाला हटकले, तेव्हा कैद्याने सैनिकाला अडवावे हा आपल्या गणवेशाचा अपमान आहे अशी तक्रार लेफ्टनंट-गव्हर्नर रॉबर्ट रॉसने केली.

दिवाणी बाजूचा एक खटला इंग्लंडमध्ये अशक्य होता. हेन्री आणि सुझॅना केबल या कैदी जोडप्यासाठी इंग्लंडमध्ये वर्गणीतून घेतलेले सामान जहाजावर हरवले होते. जुलै १७८८ मध्ये त्यांनी जहाजाचा कप्तान डंकन सिंक्लेअर याच्यावर दावा लावला आणि १५ पौंड मिळवले. इंग्लंडच्या कायद्यात मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या माणसाला दावा लावण्याचा हक्क नव्हता. कॉलिन्सच्या न्यायालयाने तिकडे काणाडोळा केला, आणि वसाहतीचा पहिला दिवाणी खटला कैद्यांनी जिंकला.

संसार, रविवार, नाटक

स्त्री-कैदी दोनशेच्या आतबाहेर. शिंपले वेचणे, शिवणकाम, अधिकाऱ्यांच्या घरची कामे हे त्यांच्या वाट्याला. १० फेब्रुवारी १७८८ पासून लग्ने लागू लागली. केबल दांपत्य त्याच दिवशी विवाहबद्ध झाले. फिलिप लग्नांना उत्तेजन देई. काहींचे नवरे-बायका इंग्लंडमध्ये होते, ते मागेच राहिले असे गृहीत धरले गेले. अधिकाऱ्यांनीही कैदी स्त्रियांबरोबर संसार थाटले, लग्ने मात्र क्वचितच केली. कपड्यांची तंगी सगळ्यांना. १७९० मध्ये पहाऱ्यावर उभे राहणारे कित्येक सैनिक अनवाणी होते.

पाद्री रिचर्ड जॉन्सनने पहिले प्रवचन ३ फेब्रुवारी १७८८ रोजी झाडाखाली दिले आणि पुढची पाच वर्षे तो असाच उघड्यावर बोलत राहिला. चर्च बांधण्याला सरकारच्या लेखी इतके खालचे स्थान होते की १७९३ मध्ये त्याने ते अखेर स्वतःच्या खर्चाने उभारले. १७९८ मध्ये ते जाळले गेले.

४ जून १७८९ रोजी राजाच्या वाढदिवशी कैद्यांनी एका झोपडीत जॉर्ज फार्कर याचे ‘द रिक्रुटिंग ऑफिसर’ हे नाटक केले. गव्हर्नरसह साठेक प्रेक्षक होते. पुढे १७९६ मध्ये शिक्षा संपलेल्या रॉबर्ट सिडवेने नाट्यगृह उघडले. प्रवेशाला एक शिलिंग किंवा तेवढ्या किमतीचे पीठ, मांस वा दारू चाले.

इओरा

बंदराच्या काठी राहणाऱ्या लोकांना इओरा म्हटले जाते. त्यातल्या कॅडिगल टोळीच्या जमिनीवर ही वसाहत उभी होती. वसाहतवाले उपाशी असताना याच खाडीत इओरा स्त्रिया सालीच्या छोट्या होड्यांत बसून, शंखाच्या गळाने मासे पकडत होत्या. होडीतच मातीवर विस्तव पेटता ठेवून भाजतही होत्या. परंतु वसाहतीच्या जाळ्यांनी आणि गर्दीने त्यांचाही घास कमी केला, आणि किनाऱ्यावर ठेवलेले त्यांचे भाले व मासेमारीचे साहित्य कैदी सर्रास चोरत.

संवाद जमत नाही म्हणून फिलिपने माणूस पळवण्याचा मार्ग धरला. ३१ डिसेंबर १७८८ रोजी अराबानूला पकडून आणले. तो एप्रिल १७८९ मध्ये आलेल्या देवीच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता मेच्या मध्यावर स्वतःच दगावला. या साथीत बंदरकाठचे निम्म्याच्या आसपास लोक गेले. वसाहतीतल्या गोऱ्यांना, त्यांच्या मुलांनाही, ती झाली नाही. साथ कुठून आली यावर आजही एकमत नाही. काहींच्या मते उत्तर किनाऱ्यावर येणाऱ्या मकासरच्या कोळ्यांकडून; काहींचा संशय शल्यवैद्यांनी काचेच्या बाटल्यांतून आणलेल्या देवीच्या संसर्गजन्य द्रव्यावर आहे. आईबाप मेलेली नानबरी आणि बूरोंग ही मुले अनुक्रमे व्हाइट आणि जॉन्सन यांच्या घरी वाढली.

नोव्हेंबर १७८९ मध्ये बेनेलाँग आणि कोल्बी यांना पळवण्यात आले, दोघेही निसटले. ७ सप्टेंबर १७९० रोजी मॅन्लीच्या किनाऱ्यावर बेनेलाँगला भेटायला गेलेल्या फिलिपच्या खांद्यात भाला घुसला. त्याने सूड घेतला नाही, आणि काही आठवड्यांतच इओरा लोक गावात मोकळेपणाने ये-जा करू लागले. लेफ्टनंट विल्यम डॉजने पाट्येगरांग या तरुणीकडून त्यांची भाषा शिकून वह्या भरल्या. सिडनीच्या भाषेची तीच आज सर्वांत मोलाची नोंद आहे. पॅरामॅटाला मासे देऊन पाव घेण्याचा बाजार भरू लागला, पण १७९१ मध्ये कैद्यांनी बॅलोडेरी नावाच्या तरुणाची होडी फोडली आणि तो बाजार मोडला. त्याआधीच, डिसेंबर १७९० मध्ये, पेमुलवुय या मूळनिवासी योद्ध्याने वसाहतीचा शिकारी मॅकएन्टायर याला भाल्याने प्राणघातक जखमी केले होते. वसाहतीविरुद्धचा पेमुलवुयचा लढा पुढे बारा वर्षे चालला.

जहाजे आणि मुंबईची गुरे

३ जून १७९० रोजी ‘लेडी ज्युलियाना’ बंदरात शिरले. त्यात दोनशेहून अधिक स्त्री-कैदी होत्या. फ्रान्समधल्या क्रांतीची आणि इंग्लंडच्या राजाच्या आजारपणाची बातमी वसाहतीला तेव्हा कळली. पाठोपाठ आलेली दुसऱ्या तांड्यातली तीन जहाजे ही सगळ्या हद्दपारीच्या इतिहासातली सर्वांत लाजिरवाणी. गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या कंत्राटदारांना चढवलेल्या माणसामागे पैसे मिळत होते, उतरवलेल्या माणसामागे नाही. चौघांतला एक वाटेत मेला, उरलेल्यांतले कित्येक किनाऱ्यावर आणताना मेले.

१७९१ पासून रसदीसाठी वसाहतीची नजर हिंदुस्थानकडे वळली. ‘अटलांटिक’ हे जहाज कलकत्त्याला जाऊन जून १७९२ मध्ये तांदूळ, सोजी आणि डाळ घेऊन आले. गव्हाच्या पिठावर वाढलेल्या इंग्लिश आणि आयरिश कैद्यांच्या शिध्यात डाळतांदूळ आला तो असा. त्यांना ही बदली फारशी रुचली नाही. १७९५ मध्ये ‘एंडेव्हर’ हे जहाज मुंबईहून शंभराहून अधिक गुरे घेऊन सिडनीला पोहोचले आणि वसाहतीच्या गोधनात हिंदुस्थानी रक्त मिसळले.

फिलिप ११ डिसेंबर १७९२ रोजी निघाला, बरोबर बेनेलाँगला घेऊन. तेव्हा मुख्य भूमीवरची वस्ती तीन हजारांच्या वर गेली होती. नंतरचा कारभारी मेजर फ्रान्सिस ग्रोस याने शिध्याची समानता मोडली, अधिकाऱ्यांना जमिनी आणि राबायला सरकारी शिध्यावरचे दहा-दहा कैदी दिले. त्याच डिसेंबरात आलेल्या ‘होप’ या अमेरिकन जहाजाने रम घेतल्याशिवाय अन्न विकायचे नाकारले, आणि दारू हे वसाहतीचे चलनच होऊन बसले. तिच्या जोडीला शेतकऱ्यांनी कोठाराला विकलेल्या धान्याच्या पावत्या हातोहात फिरत. वसाहतीला स्वतःचे नाणे मिळाले ते १८१३ मध्ये. गव्हर्नर मॅक्वारीने स्पॅनिश डॉलर आणवून त्यांच्या मधोमध भोक पाडले आणि एका नाण्याची दोन नाणी केली.